बघ, मोज, हस

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून वह्या दोन. निळी दवाखान्याची. "घरी मिरी काय करते, कशाला घाबरते, कशाने खूश होते, सगळं लिहून ठेवा, मिरीचे बाबा," असं म्हणून तिथल्या बाईंनी हातात ठेवली. ती मी लिहीन, सुवाच्य अक्षरात लिहीन. ही दुसरी, लाल पुठ्ठ्याची, माझी स्वतःची. माझ्या पोरीला तपासायचं लोकांनी ठरवलंच आहे, तर मला निदान बडबडायला जागा हवी की नको?

मिरी सहा वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. घरात मिरी, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि झणझणीत रडायची. गेल्या महिन्यात वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. हाक मारली तर वळत नाही म्हणे. घंटा झाली की कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाते. बाकीची मुलं खेळतात तेव्हा ही भिंतीशी उभी राहून हात झटकते, ओले असल्यासारखे. मी म्हटलं, बाई, तुमची ती घंटा ऐकून मीसुद्धा टेबलाखाली जाईन. बाई हसल्या नाहीत.

मग मुलांचे डॉक्टर. त्यांनी आधी कान तपासून आणायला सांगितलं. कान उत्तम, माझ्यापेक्षा चांगले. मला वाटलं सुटलो. तर डॉक्टर म्हणतात, "कान चांगले आहेत म्हणूनच पुढचं बघायला हवं. ऑटिझम आहे का, ते एकदा नीट पाहून घेऊ." आणि तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली. आज त्या केंद्रात जाऊन नाव नोंदवलं. रांग मोठी आहे, दोन महिने तरी लागतील.

ही, म्हणजे मिरीची आई, परत येताना एकच वाक्य बोलली. अहवाल मिळाला तर शाळा वर्गात मिरीजवळ एक मदतनीस बाई देईल, अहवालाशिवाय नाही. मी म्हटलं, माझ्या मुलीला मदतनीस कशाला? ही खिडकीबाहेर बघत राहिली.

९ ऑगस्ट, रविवार

फॉर्म भरताना नाकी नऊ आले. बारा पानं. "मूल एखादी गोष्ट तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी." मी 'नेहमी'वर खूण केली. हिने पेन काढून घेतलं.

"अहो, कधी दाखवलंय तिने बोट?"

"रस्त्यावरच्या पाट्या दाखवते की."

"दाखवत नाही. एकटीच म्हणते. आपण तिथे नसलो तरी म्हणते."

शेवटी 'कधीकधी'वर तडजोड झाली. असं दर प्रश्नाला. ही पोस्टात काउंटरवर बसते, खाडाखोड केलेला कागद तिला बघवत नाही. आमच्या फॉर्मवर मात्र इतकी खाडाखोड झाली की म्हणाली, "तुम्ही याला गाडीची परीक्षा समजताय. यात पास व्हायचं नसतं."

हसू आलं मला. तपासणारा समोर वही घेऊन बसला की ती परीक्षाच. बावीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, मला कोणी सांगू नये. माझ्या हाताखालचा माणूस पहिल्या फेरीत पास होतो, कारण परीक्षेचा रस्ता मला पाठ आहे. कोणत्या वळणावर साहेब पेन उचलतो, कुठे मुद्दाम गप्प बसतो. परवा शिंपीकाका पास झाले, वय अडुसष्ट. त्यांच्याकडून तोच रस्ता चाळीस वेळा करून घेतला. डोळे मिटून पास.

शेवटच्या पानावर होतं, कुटुंबात आणखी कोणाला असं काही? तेवढ्यात ही स्वयंपाकघरात गेली होती. मी 'नाही' लिहिलं.

दादा होता. माझा थोरला भाऊ. दिवसभर कपाटाचं दार उघडायचा, लावायचा, एका लयीत. पाहुणे आले की आई त्याला मागच्या खोलीत बसवायची आणि मला पुढच्या दारात. माझं काम एवढंच, आतून आवाज आला की मोठ्याने बोलायचं. गल्लीने त्याला एक नाव पाडलं होतं, ते मी इथेही लिहिणार नाही. ते नाव पडल्यावर त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारली नाही, एकोणिसाव्या वर्षी तापात गेला तोपर्यंत. हिला मी एवढंच सांगितलंय की भाऊ लहानपणी गेला.

मिरीवर असला शिक्का बसू देणार नाही. बस.

१६ ऑगस्ट, रविवार

आज मिरी आणि मी गाडीतून लांब जाऊन आलो. शिकवायची गाडी, माझ्या बाजूला जादा ब्रेक असलेली. आत कॅमेराही आहे, शिकणाऱ्याला त्याच्या चुका नंतर दाखवायला. तो गाडी सुरू झाली की आपोआप सुरू होतो.

घरात मुकी असते, पण गाडीत मागच्या सीटवर बसली की तिचं तोंड बंद होत नाही. आरशात मला तिचा फक्त भांग दिसतो. ती माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघत नाही, आणि गप्पा चालू. इंडिकेटर लावला की त्याच्या सुरात सूर लावते, टिक्‌ टाक्‌, टिक्‌ टाक्‌, आणि दोन्ही हात झटकते. खुशीत असली की तसंच.

"बाबा, 'थांबा'च्या पाटीला आठ कोपरे का?"

"मागून बघितली तरी ओळखू यावी म्हणून."

पुढचा सिग्नल गेल्यावर म्हणाली, "म्हणजे तिला तोंड फिरवावं लागत नाही."

सांगा आता. या पोरीत काय कमी आहे?

११ सप्टेंबर, शुक्रवार

आईबापांची मुलाखत झाली. दोन तास! परीक्षक बाई (त्या स्वतःला परीक्षक म्हणवत नाहीत, पण मी म्हणणार) शांत आहेत, पायात कापडी बूट, केसांत पेन खोचलेलं. जन्मापासूनचं सगळं विचारलं. पहिला शब्द कधी? ही म्हणाली, तिसऱ्या वर्षी, 'लाल', सिग्नलपाशी. मांडीवर घेतलं तर? ताठ व्हायची. कपडे? शिवण टोचते म्हणून उलटे घालते. ही बोलत होती आणि डोळे पुसत होती, आणि मी मधे मधे, "तसं सगळीच मुलं करतात हो." बाई माझंही लिहून घेत होत्या.

मग पुढचं सांगितलं. शाळेला वेगळा फॉर्म जाईल. सहा ऑक्टोबरला मिरीला बोलावतील, एक बाई तिच्याशी खेळेल, दुसरी बघून लिहील. मग सगळ्यांचे कागद एकत्र ठेवून त्यांची बैठक, आणि मग आम्हाला सांगणार. "कुठल्याही एका गोष्टीवरून ठरत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मिरीला काहीही शिकवून आणू नका. ती आहे तशी हवी."

बाहेरच्या बाकावर एक आई भेटली, तिच्या मुलाची तपासणी दोन वर्षांपूर्वी झालीय. ही पाणी आणायला गेली तेवढ्यात मी खेळात काय काय असतं ते तिच्याकडून काढून घेतलं. साबणाचे फुगे. बाहुलीचा वाढदिवस. अक्षरं नसलेलं चित्रांचं पुस्तक, त्यातली गोष्ट सांगायची. मधेच नावाने हाक. खाऊचा डबा घट्ट लावून देतात, मूल मदत मागतं का ते बघायला.

आता मला रस्ता पाठ झाला.

१४ सप्टेंबर, सोमवार

सुरुवात केली. ही पोस्टातून आठला येते. सहा ते सात, माझ्या ऑफिसात, शटर अर्धं ओढून. बाहुली आणली, फुग्यांची बाटली आणली, मातीचा केक केला.

मिरीला नियम आवडतात. गोंधळ आवडत नाही, नियम आवडतात. म्हणून नियमच केला. कोणी हाक मारली की वळ. डोळ्यांत बघ. मनात मोज, एक दोन तीन. हस. मग बोल. 'कशी आहेस', 'काय झालं' असं कोणीही विचारलं तर एकच उत्तर: "मी छान आहे. तुम्ही कशा आहात?" भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं, 'बघ, मोज, हस', जिथे एरवी 'आरसा, इंडिकेटर, वळण' असतं.

पहिल्या दिवशी डोळ्यांत बघताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कडक उन्हात बघितल्यासारखं. मी म्हटलं, होईल सवय. क्लच सोडताना सगळ्यांचेच पाय थरथरतात.

"बाबा, आईला सांगायचं?"

"नाही. पास झाल्यावर सांगू."

२३ सप्टेंबर, बुधवार

कमाल आहे पोरगी! नऊ दिवसांत फुगे, बाहुली, पुस्तक, डबा, सगळं. शिंपीकाकांना इंडिकेटर आठवायला तीन आठवडे लागले होते. फुगा अंगावर फुटला की आधी किंचाळायची, आता हात मांडीखाली दाबून ठेवते. हात झटकणं बंद, मांडीखालून काढतच नाही. गाडीतसुद्धा सराव ठेवलाय. बोलायचं तर आधी आरशात माझे डोळे शोधायचे, मगच बोलायचं.

गाडीत हल्ली कमी बोलते. मोठी होतेय, शहाणी होतेय. घरी आली की दोन्ही गाल चोळत बसते. सहाव्या वर्षी मागची दाढ येते म्हणतात, तेच असणार. आणि अंथरूण ओलं होतंय परत, तीन वर्षांनी. ही विचारात पडलीय. मी म्हटलं, पाणी कमी दे.

निळ्या वहीत यातलं काही नाही. तिथे लिहिलं, 'मिरी आनंदी असते.'

६ ऑक्टोबर, मंगळवार

झालं!

खोली लहान, छोटं टेबल, जमिनीवर सतरंजी. मला कोपऱ्यात बसवलं आणि मधे बोलू नका म्हणून सांगितलं. हिला रजा मिळाली नाही. केसांत पेन खोचलेल्या बाई खेळायला, दुसऱ्या लिहायला.

हाक मारली, मिरी पहिल्या हाकेला वळली. माझी मूठ आपोआप आवळली. फुगे आले, हात मांडीखाली. बाहुलीचा वाढदिवस. मेणबत्ती फुंकली, टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या बाईंना म्हणाली, "तुम्हाला केक हवा का?" हे मी शिकवलंच नव्हतं! की शिकवलं होतं? शिकवलं होतं, तिसऱ्या दिवशी.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि सहज विचारलं, "मिरी, तुला कधी एकटं वाटतं का?" हे रस्त्यात नव्हतं. मिरीने बाईंच्या डोळ्यांत बघितलं. तिचे ओठ हलले, अगदी जरासे, एक, दोन, तीन. हसली. "मी छान आहे. तुम्ही कशा आहात?"

बाईंनी दुसऱ्या बाईंकडे बघितलं. निघताना मला विचारलं, "घरी पण अशीच असते?"

"अशीच," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर मिरीने विचारलं, "पास?" मी म्हटलं, "एकदम पास." तिने हात वर केले, झटकायला असावेत, आणि परत मांडीखाली घातले.

३ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल. टेबलापलीकडे तिघी, अलीकडे आम्ही दोघं. बाई म्हणाल्या, खेळात जे दिसलं ते निकषांइतकं भरत नाही. शाळा सांगते ते वेगळं, आई सांगते ते वेगळं, आणि समोर दिसलं ते वेगळं. "कागद जुळत नाहीत. एवढ्यावर आम्ही ऑटिझम आहे असं लिहू शकत नाही. वर्षभराने पुन्हा पाहू."

मी उठून हात जोडले. बाहेर आल्यावर हिला म्हटलं, चल, आइस्क्रीम खाऊ. ही जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदाने.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर ती वर्गात एकटी. कोणी जवळ नाही."

"अगं, तिला काही नाही म्हणून सांगितलंय! आनंद कर की."

"तुम्ही तिला कधी बघता का हो?" हिने विचारलं.

मी तिघांचं आइस्क्रीम आणलं. दोघींचं वितळलं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

शिंपीकाका आले होते, मनगटाला प्लास्टर. नव्या पुलाजवळच्या चौकात दुधाच्या गाडीवर घातली. म्हणाले, "त्या चौकात कधी गेलोच नव्हतो हो आपण. मला परत शिकवा. या खेपेला सगळीकडे न्या." मनाला थोडं लागलं. म्हटलं, काका, हात बरा होऊ द्या आधी.

मिरी शाळेत छान आहे. वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, किती बदलली हो, हसतमुख झाली. मी हिला ऐकवलं. मिरी घरी आली की पलंग आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसते. तिथे तिला आवडतं.

२ डिसेंबर, बुधवार

लिहिता येत नाही नीट. तरी लिहितो.

तीन वाजता शाळेत आणायला गेलो. मिरी रांगेत उभी, डावा हात पाठीमागे. मी विचारलं, काय झालं? तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. हसली. "मी छान आहे. तुम्ही कसे आहात?" मला बाबा नाही म्हणाली. तुम्ही म्हणाली.

तिच्या फ्रॉकला मागून रक्त लागलं होतं. हात पुढे ओढला, तर मधलं बोट काळंनिळं, टम्म, नख उपटून लटकलेलं.

वर्गाच्या जड दारात सापडलं होतं. सकाळी दहाला. दहा ते तीन. पाच तास. वर्गशिक्षिका पांढरीफटक पडली. "मी दोनदा विचारलं हो तिला, कशी आहेस म्हणून. ती हसली. माझ्याकडे बघून हसली, म्हणून मला कळलंच नाही."

इस्पितळात हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर बोट हलवून बघत होते. "दुखतं का बाळा?" मिरीचा घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मी तिचे ओठ मोजताना बघितले. एक. दोन. तीन. आणि हसली.

"मी छान आहे. तुम्ही कसे आहात?"

डॉक्टर म्हणाले, "काय शूर मुलगी आहे!"

मी तिथून बाहेर पळालो. बाहेर एक बादली होती, तिच्यात ओकलो.

३ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हिला सगळं सांगितलं. शटर, बाहुली, फळा, आईला सांगायचं नाही. दादाचंही सांगितलं, मागची खोली, मोठ्याने बोलणं.

वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मिरीचा डबा भरत होती, तो भरून झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग म्हणाली, "तुमच्या आईने दादांना खोलीत ठेवलं. तुम्ही हिला तिच्याच आत ठेवलंत."

आणि डबा दप्तरात ठेवत, "निदान त्यांना आतून आवाज तरी करता येत होता."



७ डिसेंबर, सोमवार

केंद्रात गेलो, न कळवता. बाई म्हणाल्या दहा मिनिटं आहेत. मी निळी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही खोटी आहे. मग ही लाल ठेवली.

बाईंनी तिथेच वाचली. मी त्यांच्या कापडी बुटांकडे बघत बसलो. वाचून झाल्यावर केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. मला वाटलं आता झापतील. त्या म्हणाल्या, "तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. लिहिलंही होतं. पण एका कागदावर ठरत नाही ना."

तो खेळ आता पुन्हा वापरता येणार नाही, मिरीला पाठ झालाय. त्यातून खरं काही कळायचं नाही. पण दुसरे रस्ते आहेत. फॉर्म पुन्हा भरायचे, या वेळी खरे. त्या शाळेत जाऊन लांबून बघतील. "आणि शिकवायच्या आधीची मिरी कुठे दिसेल का? घरचे व्हिडिओ वगैरे?"

घरचे नाहीत. फोन समोर धरला की ती तोंड लपवायची. मग आठवलं. गाडीतला कॅमेरा.

१३ डिसेंबर, रविवार

सकाळपासून ऑफिसात बसून जुनी रेकॉर्डिंग बघतोय. ही पण आली. पुढच्या सीटवर मी किंवा कोणी शिकणारा, आणि मागे कोपऱ्यात मिरी. मी कधी बघितलीच नव्हती ती. मी गाडी चालवत होतो ना.

इंडिकेटर लागतो आणि तिचा चेहरा उजळतो. हात झटकते, पाय झटकते, सगळं अंग हसतं तिचं. कोणाकडे बघून नाही. नुसतं. सोळा ऑगस्टचं पण सापडलं, आठ कोपऱ्यांचं. 'म्हणजे तिला तोंड फिरवावं लागत नाही' असं म्हणते ना, तेव्हा ती माझ्या पाठीकडे बघत होती. माझ्याकडेच बघत होती. मला फक्त भांग दिसत होता.

पुढे चौदा सप्टेंबर. पंधरा. वीस. ही म्हणाली, "बंद करा." मी बंद केलं. सात रेकॉर्डिंग बाईंना द्यायला काढली.

फॉर्म भरला. 'कधीच नाही'वर खूण करताना हात थांबला नाही. शेवटच्या पानावर दादाचं नाव लिहिलं, खरं, पूर्ण. पंचवीस वर्षांनी लिहिलं.

५ जानेवारी, मंगळवार

परत तेच टेबल, त्याच तिघी. या वेळी कागद जुळले. ऑटिझम आहे. बाईंनी एक एक वाक्य वाचून दाखवलं, कशात मदत लागेल, कशात ती पुढे आहे. सोमवारपासून वर्गात मदतनीस बाई येईल, घंटेच्या आधी तिला बाहेर नेईल. हिने माझा हात धरला, दोन महिन्यांनी.

मी विचारलं, मी शिकवलेलं पुसायचं कसं?

"पुसलं जाईल असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "तिला खरं बोलून चालतं, हे तिला कळायला हवं. कधी कळेल ते सांगता येत नाही. तिला तपासू नका. नुसते जवळ असा."

फळा मी तिचं बोट मोडलं त्याच दिवशी पुसला होता. त्याने काय होतंय? मिरी अजून हसते. दूधवाल्याला, डॉक्टरांना, मला. हाक मारली की वळते, बघते, मोजते, हसते. मी आता तिला हाक मारत नाही. हळूच जवळ जाऊन बसतो.

८ जानेवारी, शुक्रवार

गेला महिनाभर गाडीत ती एक शब्द बोललेली नाही. आज निघायच्या आधी मी आतला आरसा वर केला, पार छताकडे. बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं, कोणी शिकाऊ माणसाने केलं असतं तर गाडीतून उतरवला असता. बाहेरचे दोन आरसे आहेत, तेवढे पुरतात. म्हटलं, "आरसा बंद. बघायचं नाही. आता कधीच बघायचं नाही."

पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला.

मग मागून, अगदी बारीक आवाजात, "परीक्षा संपली?"

"संपली."

"दुखतं म्हटलं तर नापास?"

"नाही गं. कधीच नाही. परीक्षाच नाही."

पुढचा सिग्नल लाल होता. हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी इंडिकेटर लावून गाडी बाजूला घेतली आणि तसाच बसून राहिलो, समोर बघत. इंडिकेटर चालू होता. ती त्याच्या सुरात सूर लावेल असं वाटलं, नाही लावला.

"मग दुखतं," ती म्हणाली.

"बोट?"

"बोट बरं झालं." मग हळूच, "गाल दुखतात. हसून."

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर तिला माझ्याकडे बघावं लागलं असतं.